डिग्री नाही, पगार नाही. तरी पन्नास वर्षं संशोधनासाठी पैसा उभा करणारा माणूस : डॉ. सलीम अली

न्हावा शेवा म्हटलं की डोळ्यांसमोर कंटेनर येतात. जेएनपीटीच्या क्रेन, ट्रेलरच्या रांगा आणि आता अटल सेतू. पण याच उरण पट्ट्यात हिवाळ्यात खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात, पाणजेसारख्या पाणथळ जागांवर हजारो स्थलांतरित पक्षी येतात. बंदर वाढवायचं असो की विमानतळ बांधायचा असो, इथे एक प्रश्न हमखास येतो : पक्ष्यांचा अभ्यास कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार? नवी मुंबई विमानतळाच्या वेळी हा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, सिडकोसाठी केला. ज्याचा प्रकल्प त्याच्याच पैशातून त्याच्या परिणामांचा अभ्यास. मग वाद होतोच.

हा वाद आजचा नाही. बाहेरून पैसा घेऊन संशोधन करायचं तर पैसा कुणाचा घ्यायचा आणि त्याची किंमत काय मोजायची, हे ज्या माणसाने आयुष्यभर अनुभवलं, त्याच्या कामाची खरी सुरुवात याच रायगडच्या किनाऱ्यावर झाली होती. न्हावा शेव्यापासून किनाऱ्याने खाली गेलं की अलिबाग तालुक्यातलं किहीम गाव लागतं, तिथे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईच्या खेतवाडीत. दहा भावंडांत सगळ्यात धाकटे. एक वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी मुलांना वाढवलं. पुढचा किस्सा बहुतेकांना माहीत असतो. छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्याला पिवळा डाग होता, ही कुठली चिमणी म्हणून पोरगा बीएनएचएसमध्ये पोहोचला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि विषय तिथेच डोक्यात बसला.

शिक्षणाचं मात्र काही जमलं नाही. सेंट झेवियर्समध्ये नाव घातलं, कॉलेज अर्धवट सोडलं आणि घरच्यांचा टंगस्टन खनिजाचा आणि लाकडाचा धंदा बघायला ब्रह्मदेशात गेले. धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. १९१७ मध्ये परत आले, दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकले, सोबत झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांच्याकडे प्राणिशास्त्र. १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी लग्न झालं.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा होती, ती मिळाली नाही. कारण विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड लेक्चरर म्हणून नोकरी लागली. दोन वर्षांनी रजा टाकून ते जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात (म्युझियममध्ये) एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकले, हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कड्या घालण्याचं तंत्र बघितलं. त्या काळी यापेक्षा चांगलं प्रशिक्षण मिळणं अवघड होतं. १९३० मध्ये परत आले तर नोकरीच गेलेली. पैसे नाहीत म्हणून ते पदच रद्द करण्यात आलं होतं.

मुंबईत राहणं परवडेना. मग नवरा-बायको किहीमच्या छोट्या घरात राहायला गेले.

आणि इथे, कुठलंही अनुदान नसताना, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात नेटकं संशोधन झालं. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात त्यांची घरटी विणणं सुरू झालं तसे सलीम अली रोज तासन्‌तास त्यांच्यावर नजर ठेवून बसायला लागले. तोवर समज असा होता की नर-मादी मिळून संसार थाटतात. किहीमला दिसलं ते वेगळंच. नर एकटाच घरटं विणायला घेतो आणि अर्ध्यावर थांबतो. मादी येते, आत-बाहेर फिरून घर तपासते. पसंत पडलं तर ताबा घेते, मग नर उरलेलं घरटं पूर्ण करतो. ती अंड्यांवर बसली की हा दुसरं घरटं विणायला मोकळा, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये बीएनएचएसच्या जर्नलमध्ये हा अभ्यास छापून आला आणि सलीम अली हे नाव बाहेरच्या देशांतल्या पक्षितज्ज्ञांपर्यंत पोहोचलं.

पण नावाने घर चालत नाही. इथे त्यांनी जे डोकं लावलं, ते आजच्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट प्रपोजल. देशात शेकडो संस्थानं होती आणि बहुतेकांच्या जंगलांतल्या पक्ष्यांची धड नोंद नव्हती. सलीम अलींनी प्रस्ताव असा ठेवला : माझं मानधन शून्य. प्रवास, तंबू, बैलगाड्या, खाणं-पिणं एवढा खर्च संस्थानाने द्यावा, मी तुमच्या राज्यातले पक्षी मोजून देतो. निजामाचं हैदराबाद आधी तयार झालं. मग त्रावणकोर, कोचीन, पुढे मध्य भारतातली संस्थानं, बडोदा, कच्छ. तहमिना सोबत असायच्या, छावणीची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. त्यानंतर सलीम अली बहीण आणि मेहुण्यांकडे राहिले, लग्न पुन्हा केलं नाही.

कच्छच्या महाराव विजयराजजींनी तर सर्वेक्षणासोबत पुस्तकाचाही भार उचलला. १९४५ मध्ये सलीम अली कच्छच्या मोठ्या रणात फ्लेमिंगोंच्या वसाहतीपर्यंत पोहोचले, जिथे लाखो पक्षी चिखलाची घरटी करून अंडी घालतात. ठाणे खाडीत आणि उरणला दिसणारे बरेचसे फ्लेमिंगो गुजरातेतूनच येतात, त्यामुळे त्या जुन्या नोंदींचा धागा थेट न्हावा शेव्याच्या चिखलापर्यंत येतो.

राजेरजवाड्यांचा पैसा हा तसा बिनत्रासाचा होता. महाराजांना पुस्तकावर नाव मिळालं की ते खूश. सिंगापूरचे सिनेमा-उद्योगपती लोके वान थो हे तर मित्रच होते, फोटोग्राफीसाठी सोबत हिंडायचे आणि खर्चही करायचे. स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली, बीएनएचएसची तिजोरी रिकामी झाली. सलीम अलींनी नेहरूंना पत्र लिहून सरकारी मदत मिळवली. मुंबई विद्यापीठाने संस्थेला पदव्युत्तर संशोधनाचं केंद्र म्हणून मान्यता दिली आणि ज्याच्याकडे साधी पदवी नव्हती तो माणूस एमएस्सी, पीएचडीचा गाइड झाला. त्यांचे पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर. विषय पुन्हा तोच, सुगरण.

आता येतो तो भाग जो पाठ्यपुस्तकात नसतो.

१९५७ मध्ये म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने आजारी पडली. आपल्याकडे याला माकडताप म्हणतात. २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या लोकांना हा शब्द चांगला माहीत आहे. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, जे स्वतःच रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९५२ मध्ये उभं राहिलं होतं, विषाणू शोधला. तो रशियातल्या एका गोचिडीच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. मग शंका आली की सैबेरियातून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींसोबत हा आजार आणत असतील का?

सलीम अलींना यात संधी दिसली. पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात हे शोधायला देशभर जाळी लावून हजारो पक्षी पकडावे लागतात, कड्या घालाव्या लागतात. निव्वळ कुतूहलासाठी एवढा पैसा कोण देणार? आजाराचं नाव जोडलं की मिळतो. आधी जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले. ते आटले तेव्हा बँकॉकमधून एलियट मॅक्ल्यूर यांच्या प्रकल्पातून पैसा येऊ लागला. तो होता अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय संशोधन विभागाचा. शिवाय पीएल-४८० चा निधी होता. म्हणजे रेशनवर जो अमेरिकन गहू यायचा, त्याच्या बदल्यात भारतात रुपयांत साठलेला पैसा.

विज्ञानाच्या बाजूने यात लपवाछपवी काही नव्हती. पण काळ कुठला होता ते बघा. १९७१ च्या युद्धात अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलेलं. सलीम अलींसोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा १० खंडांचा ग्रंथ लिहिणारे डिलन रिप्ले हे स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख, पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात काम केलेले. १९७४ मध्ये बातमी फुटली की अमेरिकी लष्कराच्या पैशावर भारतात पक्ष्यांचा अभ्यास चाललाय आणि पक्ष्यांमार्फत शत्रूच्या मुलखात रोगजंतू पसरवता येतील का, हे तपासलं जातंय. दिल्लीतल्या डासांवरच्या एका परदेशी निधीच्या प्रकल्पावरही असाच संशय होता. संसदेत गदारोळ झाला, लोकलेखा समितीने विषय हातात घेतला. सत्तरी ओलांडलेला, पद्मभूषण मिळालेला माणूस सीआयएच्या संशयाच्या सावलीत आला.

जैविक युद्धाचा आरोप सिद्ध झाला नाही. डासांचा प्रकल्प १९७५ मध्ये गुंडाळला गेला. पक्ष्यांचं काम टिकलं. गंमत म्हणजे ज्या शंकेपायी पैसा आला, ती शंकाही खरी ठरली नाही. पक्षी सैबेरियातून माकडताप आणतात असं काही हाती लागलं नाही. हाती लागल्या त्या कड्यांच्या नोंदी. कोणता पक्षी कुठे घातलेल्या कडीसह कुठे सापडला, याचा पहिला मोठा साठा त्यातूनच तयार झाला.

एक म्हणायला हवं. अमेरिकी लष्कराचा पैसा घेताना वादळ उठेल याचा अंदाज सलीम अलींना यायला हवा होता. पण दुसरं दार कुठलं उघडं होतं, याचं उत्तर त्यांच्यावर टीका करणाऱ्यांकडेही नव्हतं.

१९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. गेटी पुरस्काराची रक्कम त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीत टाकली. १९८५ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. विमानांना पक्षी धडकू नयेत म्हणून विमानतळांवरच्या पक्ष्यांचा अभ्यासही बीएनएचएसने त्यांच्या हयातीतच सुरू केला होता. २० जून १९८७ ला ते गेले. न्हावा शेवा बंदर सुरू झालं त्यानंतर दोन वर्षांनी.

शेवटच्या काळात सुरू झालेला मोठा प्रकल्प होता भरतपूरचा, तोही अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाच्या निधीवर. दलदल वाचवायची तर म्हशींची चराई बंद करा, असा सलीम अलींचा आग्रह होता. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी भडकले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. बीएनएचएसच्या शास्त्रज्ञांनी मात्र मोजणी चालूच ठेवली. म्हशी गेल्यावर गवत माजलं, पाणी झाकलं गेलं आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. दहा वर्षांच्या अभ्यासाचा अंतिम अहवाल सलीम अलींच्या मृत्यूनंतर आला. त्यांच्याच संस्थेने, त्यांनीच सुरू केलेल्या प्रकल्पात लिहून दिलं की चराईवरची बंदी चुकली, भरतपूरला म्हशी हव्यात.