आंद्रेस बेयो

आंद्रेस बेयो (२९ नोव्हेंबर १७८१, काराकास – १५ ऑक्टोबर १८६५, सांतियागो) हे व्हेनेझुएलात जन्मलेले आणि पुढे चिलीत स्थायिक झालेले कवी, विधिज्ञ, शिक्षणतज्ज्ञ व स्पॅनिश भाषेचे व्याकरणकार होते.

जीवन

तरुणपणी बेयो यांनी सिमोन बोलिव्हार यांना काही काळ शिकविले. १८१० मध्ये काराकासच्या स्वातंत्र्यवादी शिष्टमंडळाबरोबर ते लंडनला गेले आणि तेथेच १९ वर्षे राहिले. हा काळ बराचसा आर्थिक विवंचनेत गेला. १८२१ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. मात्र त्यांचा भाषाविषयक अभ्यास याच काळात, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात घडला. १८२९ मध्ये ते चिलीला गेले. चिली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू होते व मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. चिलीची १८५५ ची नागरी संहिता प्रामुख्याने त्यांनीच रचली.

व्याकरण

लॅटिनमधून जशा अनेक भाषा फुटून निघाल्या, तशीच नवस्वतंत्र अमेरिकी देशांतील स्पॅनिशही फुटेल, ही बेयो यांची मोठी चिंता होती. १८४७ मध्ये अमेरिकी वाचकांसाठी लिहिलेल्या व्याकरणामागे हीच प्रेरणा होती.

स्पॅनिश क्रियापद लॅटिनच्या साच्यात न बसविता त्याच भाषेच्या वापरावरून समजून घ्यावे, अशी त्यांची भूमिका होती. क्रियापद नियमित की अनियमित हे अक्षरांवरून नव्हे, तर उच्चारावरून ठरवावे, असे त्यांनी मांडले. 'तोकार' (स्पर्श करणे) याचे भूतकाळी प्रथमपुरुषी एकवचन 'तोके' असे होते. रोमन लिपीत येथे 'सी' जाऊन 'क्यू' व 'यू' येतात, कारण 'ए'पूर्वी 'सी'चा उच्चार 'क' राहत नाही. 'पागार' (पैसे देणे) – 'पागे' येथे 'ग' टिकविण्यासाठी 'जी'नंतर मूक 'यू' घालावा लागतो. 'क्रुसार' (ओलांडणे) – 'क्रुसे' येथे 'झेड'च्या जागी 'सी' येतो. ही रूपे देवनागरीत लिहिली की बदल दिसतच नाही. बेयो यांचा मुद्दा नेमका हाच होता. अशी क्रियापदे त्यांच्या मते नियमितच. 'तेनेर' (जवळ असणे) – 'तुवे' येथे मात्र ध्वनीच बदलतो, म्हणून ते खरे अनियमित.

शुद्धलेखन सुधारणा

१८२३ मध्ये लंडनमध्ये हुआन गार्सिया देल रिओ यांच्यासह त्यांनी उच्चारानुसारी लेखनाची योजना मांडली होती. 'क'साठी सर्वत्र 'क्यू' वापरावा व मूक 'यू' गाळावा, असे तीत सुचविले होते. ती पूर्णपणे अमलात आली असती, तर वरील क्रियापदांतील अक्षरबदल उरलाच नसता. चिलीने १८४४ मध्ये सुधारित लेखन स्वीकारले. पण त्यातील थोडाच भाग रूढ झाला आणि १९२७ मध्ये तोही मागे घेऊन स्पॅनिश अकादमीचे नियम लागू करण्यात आले.