आयसीयूतल्या रेषा कुठून आल्या? एका विद्यार्थ्याला बसलेल्या धक्क्यातून!

आयसीयूच्या मॉनिटरवर नाडी, श्वास आणि रक्तदाबाच्या रेषा एकाखाली एक सरकत असतात. डॉक्टर नुसता आकडा वाचत नाहीत. कोणती रेषा चढतेय आणि कोणती उतरतेय, हे पाहतात. या मांडणीचे एक मूळ आधुनिक मेंदू शस्त्रक्रियेचे जनक हार्वे कुशिंग यांच्या विद्यार्थीदशेत सापडते.

१८६९ मध्ये क्लीव्हलँड येथे डॉक्टरांच्या घराण्यात जन्मलेले कुशिंग हार्वर्डमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते. बोस्टनमध्ये एका शस्त्रक्रियेवेळी रुग्णाला ईथरची भूल देण्याचे काम त्यांच्यावर आले. प्रशिक्षण जवळपास शून्य. रुग्ण टेबलावरच दगावला. त्या काळी असे मृत्यू इतके सवयीचे होते, की वरिष्ठांनी फारसे मनावर घेतले नाही. कुशिंग मात्र वैद्यकीय शिक्षणच सोडण्याच्या विचारात होते.

पुढे वर्गमित्र अर्नेस्ट कॉडमन यांच्याशी त्यांची पैज लागली: भूल कोण चांगली देतो? हरणाऱ्याने जेवण द्यायचे. त्यातूनच १८९४ च्या सुमारास दोघांनी 'ईथर चार्ट' ठेवायला सुरुवात केली. शस्त्रक्रिया सुरू असतानाच नाडी आणि श्वासाची नोंद वेळेनुसार कागदावर उतरू लागली. रुग्ण खालावतोय हे दगावण्याआधी दिसू लागले.

रक्तदाबाची रेषा कधी आली?

१९०१ मध्ये. युरोप दौऱ्यात कुशिंग यांनी बर्नमध्ये कवटीतील दाबावर प्रयोग केले. हा दाब वाढला, की मेंदूला रक्त पोहोचवण्यासाठी शरीर रक्तदाब वाढवते आणि नाडी मंदावते. नुसती मंद नाडी पाहिली तर रुग्ण शांत झोपलाय असे वाटू शकते. दोन्ही रेषा शेजारी ठेवल्या, की धोका लगेच लक्षात येतो. त्याच दौऱ्यात इटलीतील पाविया येथे त्यांनी रिव्हा-रोची यांचा दंडाला बांधायचा रक्तदाबमापक पाहिला. तो घेऊन ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये परतले आणि चार्टवर तिसरी रेषा आली.

स्वागत थंडच झाले. हार्वर्डच्या सर्जननी उपकरण तपासले आणि नाडीवरचे अनुभवी बोटच अधिक भरवशाचे ठरवले. कुशिंग यांनी नोंदी थांबवल्या नाहीत.

१९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाच्या मॉनिटरवर डॉक्टर आजही चढता रक्तदाब आणि उतरती नाडी ही जोडी शोधतात. तिला नावही त्यांचेच आहे: कुशिंग रिफ्लेक्स.