दोराबजी टाटा

सर दोराबजी जमशेटजी टाटा (२७ ऑगस्ट, इ.स. १८५९ – ३ जून, इ.स. १९३२) हे भारतीय उद्योगपती, दानशूर गृहस्थ आणि भारतातील ऑलिंपिक चळवळीचे प्रवर्तक होते. मॅरेथॉन शर्यतीसाठी परदेशी गेलेल्या पहिल्या भारतीय धावपटूंच्या प्रवासामागे मुख्यतः त्यांचा पुढाकार होता. मुळशी धरणाच्या इतिहासातही त्यांच्या उद्योगसमूहाचे नाव येते.

बालपण आणि शिक्षण

जमशेटजी व हिराबाई टाटा यांचे ते थोरले चिरंजीव. त्यांचा जन्म मुंबईत झाला. केंब्रिज येथील गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात ते दोन वर्षे शिकले व तेथे क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये चमकले. मायदेशी परतल्यावर १८८२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. काही काळ त्यांनी वृत्तपत्रात काम केले. १८९७ साली त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला.

उद्योग

वडिलांच्या निधनानंतर (१९०४) त्यांचे अपुरे संकल्प दोराबजींनी तडीस नेले. १९०७ साली टाटा लोखंड व पोलाद कंपनी स्थापन झाली. १९१० साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९२४ च्या सुमारास पोलाद कंपनी संकटात सापडली, तेव्हा त्यांनी स्वतःची खासगी संपत्ती तारण ठेवली.

अँटवर्पची मॅरेथॉन

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असताना दोराबजींनी तेथील क्रीडास्पर्धा पाहिल्या. लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावत. आधुनिक प्रशिक्षण वा युरोपीय नियम त्यांना ठाऊक नव्हते, तरी त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. हे पाहून दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताला प्रवेश मिळवून दिला व खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला.

२२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या मॅरेथॉनचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतराहून अधिक होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. विजेते फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांच्याहून ते सुमारे अठरा मिनिटे मागे होते. सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले. पदक मिळाले नाही, तरी भारतीय संघ पाठवण्याची प्रथा येथून सुरू झाली. दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले आणि १९२७ साली स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते.

मुळशी धरण

याच काळात पुणे जिल्ह्यातील मुळशी खोऱ्यात टाटा समूहाच्या वीज कंपनीचे काम सुरू झाले. मुळा नदीचे पाणी अडवून ते घाटाखाली भिरा येथे सोडायचे व त्यातून निर्माण होणारी वीज मुंबईला पुरवायची, अशी ही योजना होती. तिच्यामुळे पन्नासहून अधिक गावांच्या भातशेतीवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते. १९२४ पर्यंत लढा चालला, परंतु धरण थांबले नाही. मुंबईच्या गिरण्यांना धुराविना शक्ती मिळाली. मावळातील कुळांची जमीन मात्र गेली. ज्या वर्गातील तरुणांना दोराबजींनी ऑलिंपिकला नेले, त्याच वर्गाला या प्रकल्पाची किंमत मोजावी लागली. त्यामुळे त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू विचारात घ्याव्या लागतात.

अखेर

१९३१ साली मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी रक्तविकारांच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि आपली बहुतेक संपत्ती सर दोराबजी टाटा न्यासाला दिली. ३ जून १९३२ रोजी जर्मनीतील बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड दफनभूमीत, पत्नीशेजारी, त्यांची समाधी आहे.