विजय हजारे : ३०९ धावा, भावाच्या २१ आणि सरासरीचं गणित

सरासरी शिकवताना मांजरसुंब्याच्या मुलांपुढे मी क्रिकेटच ठेवतो. एकूण भागिले संख्या हे त्यांना पाठ असतं, पण भागायचं नक्की कशाने, तिथे गाडी अडते. त्यासाठी विजय हजारे यांचं चरित्र फार कामाला येतं.

हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत झाला. वडील शाळामास्तर, घरात आठ मुलं. विजय महाराष्ट्राकडून आणि नंतर बडोद्याकडून खेळले. उमेदीची वर्षं महायुद्धात गेली, त्यामुळे पहिली कसोटी मिळाली ती १९४६ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

डिसेंबर १९४३. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना. हिंदू संघाने ५ बाद ५८१ केल्या, शेष संघ १३३ मध्ये आटोपला आणि फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात शेष संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या विजय यांच्या! समोर धाकटा भाऊ विवेक होता. दोघांनी ३०० ची भागीदारी केली, त्यात विवेकच्या धावा फक्त २१. सामना डावाने गेला. धावफलकावर विवेकच्या नावापुढे राहिले २१, पण तो बाद झाला असता तर ते ३०९ कुठून आले असते?

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हाच घोळ होता. तिथे गोलंदाजाचे चार बाहेरचे चेंडू न मारता सोडले की फलंदाज चालत पहिल्या बेसवर जातो. त्याला ‘वॉक’ म्हणतात. जुन्या बॅटिंग अॅव्हरेजमध्ये वॉक मोजतच नाहीत. समजा, एक जण १० वेळा आला, ३ हिट मारले, ७ वेळा बाद. अॅव्हरेज ०.३००. दुसऱ्याचे २ हिट, ३ वॉक, ५ वेळा बाद. वॉक वगळून ७ पैकी २, म्हणजे ०.२८६. पहिला वरचढ दिसतो ना? ऑन-बेस पर्सेंटेजमध्ये वॉकही धरतात. मग पहिला ०.३०० वरच राहतो आणि दुसरा १० पैकी ५, म्हणजे ०.५००. बाद न होण्याचीही किंमत मोजली गेली. मोठ्या लीगमध्ये हा आकडा अधिकृत झाला १९८४ साली.

पुन्हा हजारेंकडे येऊ. जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ केल्या. एका कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते. १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाची एकदिवसीय स्पर्धा आजही होते.

आता फळ्यावर त्यांचे कसोटीतले आकडे मांडा : ३० सामने, ५२ डाव, ६ वेळा नाबाद, २१९२ धावा. मुलं हमखास ५२ ने भागतात आणि ४२.१५ काढतात. त्यांना ४६ ने भागायला सांगा, ४७.६५ येईल. मग ते सहा डाव कुठे गेले, हे त्यांनाच शोधू द्या.