निवड समितीला न दिसलेला कर्णधार

संघाची यादी नोटीस बोर्डवर लागली की कॅन्टीनमध्ये लगेच दुसरी निवड समिती बसते. हा का घेतला, तो का वगळला, तिसरा बॉलर कुठंय, उद्या कोणी जखमी झालं तर राखीवमध्ये आहे कोण? आयपीएलच्या लिलावाच्या दिवसांत तर विचारायलाच नको. आणि खो-खोचा विषय निघाला तर आपला धाराशिव जिल्हा कोणाला ऐकून घेत नाही. २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे याच मातीतल्या. मैदानात नऊ जण उतरतात, पण बाकावर कोण बसलंय यालाही तेवढीच किंमत असते, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

या चर्चांमध्ये आपण खेळाडूची धाव बघतो, चपळाई बघतो, फॉर्म बघतो. त्याची जात कोणी काढत नाही, निदान उघडपणे तरी नाही. पण आपल्याच महाराष्ट्रात एक काळ असा होता की देशातला सगळ्यात चांगला गोलंदाज संघात घ्यायचा की नाही, यावर सभा भरायच्या. त्याचं नाव पालवणकर बाळू. 'लगान'मधला कचरा आठवतो ना? ती गोष्ट काल्पनिक होती. ही खरी आहे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणं मूळचं कोकणातल्या पालवणचं, म्हणून आडनाव पालवणकर. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे बालपण पुण्यात गेलं. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल क्रिकेट शिकले. कोच नाही, किट नाही, काही नाही!

बाळूंची पहिली नोकरी पारशी क्लबच्या मैदानावर. झाडलोट करायची, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबमध्ये गेले. तिथे नेट लावण्याबरोबर साहेबांना बॉलिंग टाकण्याचं कामही मिळालं. डावखुरी फिरकी, अचूक टप्पा. कॅप्टन ग्रेग हा तिथला नावाजलेला फलंदाज तासन् तास त्यांच्यासमोर सराव करायचा. आऊट केलंस की दर वेळी आठ आणे, असा ग्रेगचा बाळूंशी करार होता असं सांगतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. एवढी वर्षं नेटमध्ये बॉलिंग केली, तरी तिथे त्यांच्या हातात बॅट कोणी दिली नाही. बॅटिंग साहेबाची, घाम नोकराचा.

पुण्याच्या हिंदू क्लबला युरोपियनांना हरवायचं होतं. हुकमी गोलंदाज तर डोळ्यांसमोर दिसत होता. तरीही क्लबमध्ये दोन तट पडले. काहींना बाळू हवे होते, तर काहींना शिवाशिवीची भीती. असा खेळाडू गमावणं हा मूर्खपणा ठरेल, असं खुद्द ग्रेगने म्हटल्यावर वाद मिटला आणि बाळू संघात आले. पण कसे? मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलायचे. चहाची वेळ झाली की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपातून पिणार आणि बाळू बाहेर उभं राहून मातीच्या भांड्यातून. जेवायलाही वेगळं ताट, वेगळी जागा. म्हणजे चेंडूला विटाळ नाही, कपाला मात्र आहे! हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

मग विकेट पडत गेल्या, सामने जिंकले गेले, आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाने बाळूंचा जाहीर गौरव केला. प्लेगच्या दिवसांत ते मुंबईला गेले. हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, रेल्वेत नोकरी लागली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात पाणी पाजलं म्हणून लोक नाचले. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने मात्र त्यापुढचं पाहिलं. सगळ्या जातींचे लोक एकत्र खेळले म्हणून हे जमलं, हा धडा मैदानाबाहेरही गिरवायला हवा, असा त्याचा सूर होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. या संघाची निवड बघण्यासारखी आहे. सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान आणि वर कर्णधार महाराज! खेळाआधी धर्माचा हिशेब. त्यात महाराज थोडेच सामने खेळून आपल्या मानमरातबाच्या कामांत गुंतले आणि संघातला सर्वात चांगला फलंदाज के. एम. मिस्त्री हा त्यांचा सचिव, तोही त्यांच्याबरोबर गेला. आपल्या भाषेत सांगायचं तर बेंच उघडा पडला. २३ सामन्यांपैकी १५ हरले. अशा संघात बाळूंनी ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात आठ गडी बाद केले. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक ठोकलं आणि भारताने एका विकेटने सामना जिंकला. दौरा फसला, पण पालवणकर बंधू गाजले.

आता सांगा, हिंदू संघाचा कर्णधार कोण व्हायला हवा होता? वयाने, अनुभवाने, बळींनी कोण मोठं होतं हे मैदानावरच्या प्रेक्षकांना दिसत होतं. निवड समितीला दिसत नव्हतं. १९१३ साली कर्णधारपदाचा सत्कार स्वीकारताना एम. डी. पै यांनीच सांगून टाकलं की हा मान खरा बाळूंचा आहे. तरीही काही हललं नाही.

१९२० साली ठिणगी पडली. चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातून वगळलं. पै आजारी पडल्यावर कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेलं. देवधर पुढे फार मोठे खेळाडू झाले, त्यांच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. पण तेव्हा शिवराम आणि विठ्ठल दोघेही त्यांच्याहून ज्येष्ठ होते. दोन्ही भाऊ संघातून बाहेर पडले आणि जातीमुळे आम्हाला डावललं हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. वर्तमानपत्रांत चर्चा झाली. त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा विषय गाजत होता. जिमखान्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या सामन्यात पै कर्णधार म्हणून परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि भाऊही संघात आले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले तेव्हा बाळूंनी संघ सांभाळला. आयुष्यभराच्या खेळाच्या बदल्यात कर्णधारपद मिळालं ते एवढंच.

पण दार किलकिलं झालं होतं. १९२३ साली धाकट्या विठ्ठलला हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. थोरल्याने खेळपट्टी तयार केली, धाकटा तिच्यावर उभा राहिला.

निवृत्तीनंतर बाळू सार्वजनिक कामात उतरले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी त्यांनी मध्यस्थीत भाग घेतला. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभं केलं. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी जिंकले. दोघांचे मार्ग वेगळे होते, पण दुखणं एकच होतं. ४ जुलै १९५५ रोजी बाळूंचं निधन झालं.

प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५ च्या आसपास. आजच्या कोणत्याही लिलावात या आकड्यांवर बोली कुठवर गेली असती, कल्पना करा! भारत पहिली कसोटी १९३२ मध्ये खेळला तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते, त्यामुळे कसोटीच्या नोंदींत ते सापडत नाहीत.

मित्रांनो, संघनिवडीवर वाद जरूर घाला. तो आपला हक्कच आहे. पण यादीतली नावं वाचून झाली की थोडं थांबा आणि यादीत नसलेली नावंही आठवा. नेट लावणारा, पिचवर पाणी मारणारा, बाहेर उभा राहून चहा पिणारा कोणी आहे का, ज्याच्या हातात आपण अजून चेंडू दिलेलाच नाही? कारण १९२० साली समितीला जाग आली ती स्वतःहून नाही. दोन भाऊ नाही म्हणाले आणि लोक बोलू लागले, तेव्हा आली.