लिओनर्ड चेशायर

मुंबईत अंधेरीच्या बाजूला चेशायर होम आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानांवर असेल. ज्यांचे नाव त्याला आहे ते लिओनर्ड चेशायर रोमन पंथात गेलेले गृहस्थ होते. तरी परस्वाधीन झालेल्या माणसाची शुश्रूषा कशी करावी, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतही घरोघर आहे. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

चेशायर यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडात चेस्टर येथे झाला. वडील कायद्याचे विद्वान, आणि मुलानेही ऑक्सफर्डला कायद्याचाच अभ्यास केला. पण दुसऱ्या महायुद्धात ते बाँबफेकी विमानाचे वैमानिक झाले. शंभर हल्ल्यांत जाऊन जिवंत परत आले व १९४४ साली त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला, तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून ते सोबतच्या विमानात होते. युद्धाविषयी एवढे पुरे.

पुढे त्यांनी माजी सैनिकांसाठी एक वसाहत काढली, ती कर्जात बुडाली. हॅम्पशायर परगण्यातला ले कोर्ट नावाचा मोठा वाडा तेवढा हाती उरला. १९४८ साली वसाहतीतले जुने सोबती आर्थर डाइक्स कर्करोगाने मरणपंथाला लागले. इस्पितळाला त्यांची खाट हवी होती आणि जायला दुसरे ठिकाण नव्हते. चेशायर यांनी त्यांना वाड्यात आणले. शुश्रूषेचे शिक्षण नाही, हाताशी पैसा नाही. अंथरूण बदलणे, अंग पुसणे, शौचाचे भांडे उचलणे, स्वयंपाक, धुणे, रात्री हाकेला उठणे, सारे ते स्वतः करीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डाइक्स वारले. तोवर नव्वदी उलटलेल्या एका बाई तेथे आल्या होत्या, आणि मग आजारी व अपंग माणसांची रीघच लागली. १९५५ साली चेशायर मुंबईस आले व भारतातले काम सुरू झाले. सू रायडर यांच्याशी त्यांचे लग्नही १९५९ साली मुंबईतच लागले.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. एका मनुष्याने एकाची सेवा केली तेव्हा नियमावली लागली नव्हती. घरे वाढली तसे व्यवस्थापक आले, समित्या आल्या, पाळ्या आल्या. ले कोर्टमध्ये पुष्कळ रहिवासी तरुण व तल्लख बुद्धीचे होते, फक्त हातपाय चालत नव्हते. त्यांनी निजावे केव्हा, हे निजवणाऱ्याच्या पाळीवरून ठरू लागले. ज्याला कूस बदलता येत नाही त्याला आठ वाजता अंथरुणात घातले, की त्याची संध्याकाळ संपली. मग कपडे कितीही स्वच्छ असोत, जेवण कितीही चांगले असो. प्रभूने बार्तीमयाला डोळे देण्याआधी त्याला काय हवे ते विचारले होते. आंधळ्याला काय हवे ते उघड असतानाही विचारले, हे आम्ही वाचतो आणि पुढे जातो.

पॉल हंट १९५६ साली ले कोर्टमध्ये आले. त्यांना स्नायू झिजत जाण्याचा विकार होता. झोपण्याच्या वेळा, बाहेर जाणे-येणे, कारभारात रहिवाशांचा शब्द, यांसाठी ते व त्यांचे सोबती वर्षानुवर्षे भांडले. १९६२ साली त्यांनीच संशोधकांना बोलावणे धाडले. दहा वर्षांनी अहवाल निघाला तो त्यांना विश्वासघातासारखा वाटला. हंट १९७० साली विवाह करून बाहेर पडले. १९७२ साली गार्डियन पत्रात पत्र लिहून त्यांनी अपंगांची स्वतःची संघटना उभी केली. १९७९ साली ते वारले.

त्याच सुमारास ले कोर्टमधल्या काही रहिवाशांनी एक साधा हिशेब मांडला. आपल्याला येथे ठेवण्यासाठी सरकार जो खर्च करते, त्यातूनच आपण स्वतंत्र घरी राहून आपल्या पसंतीचा मदतनीस नेमू शकू. १९८१ हे अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते, म्हणून या खटाटोपाला त्यांनी प्रोजेक्ट ८१ असे नाव दिले. संस्थेत राहण्यास पैसा मिळतो आणि बाहेर राहण्यास नाही, अशी पद्धत होती. वाटाघाटी वर्षानुवर्षे चालल्या. अखेर एकेक जण आपल्या घरात गेला. मदतनिसाने केव्हा यावे, काय करावे, कशाला हात लावू नये, हे आता घरधनीच ठरवू लागला. मदतनीस आला नाही तर अडचणही त्याचीच. तीही त्यांनी पत्करली.

ही चळवळ चेशायर यांनी सुरू केलेली नव्हती. किंबहुना ती त्यांच्याच घरांविरुद्ध उठलेली होती आणि त्यांच्या नावाला बोल लागला. आमच्या मते तो बोल सर्वस्वी अन्यायाचा नव्हता, पण डाइक्स यांच्या खाटेपाशी जागलेल्या रात्री त्याने पुसल्या जात नाहीत. पुढे त्यांच्या संस्थेने लोकांच्या स्वतःच्या घरी मदतनीस पाठवण्याचे कामही हाती घेतले. ले कोर्ट २००७ साली बंद झाले.

ते पाहायला चेशायर नव्हते. अखेरीस त्यांना मज्जातंतूंचा तो रोग जडला ज्यात स्नायू एकामागून एक निकामी होतात. ज्यांनी इतरांना उचलले, निजवले, त्यांनाच आता दुसऱ्याच्या हातांची गरज लागली. ३१ जुलै १९९२ रोजी सफक परगण्यात कॅव्हेंडिश येथे त्यांनी देह ठेवला.