आल्फ्रेड रसेल वॉलेस

उत्क्रांतितत्त्व म्हटले की डार्विनचे नाव ओठांवर येते. परंतु तेच तत्त्व स्वतंत्रपणे शोधून काढणारा आणखी एक थोर निसर्गशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजी वेल्समधील अस्क गावाजवळ झाला. घरच्या गरिबीमुळे चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि तो भावाच्या हाताखाली जमीनमोजणीचे काम करू लागला. रानोमाळ हिंडता हिंडता त्याला वनस्पतींचा व पुढे कीटकांचा छंद जडला. प्राण्यांच्या इतक्या निरनिराळ्या जाती कशा निर्माण झाल्या असाव्यात, या प्रश्नाने त्याच्या मनात घर केले.

१८४८ साली तो ॲमेझॉनच्या अरण्यात गेला. चार वर्षांनी परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली. बरोबरचा बहुतेक संग्रह जळून खाक झाला आणि त्याला दहा दिवस उघड्या होडीत काढावे लागले. तरीही १८५४ साली तो मलाया द्वीपसमूहाकडे निघाला.

जाती बदलतात, हे फ्रान्सच्या लामार्कने पूर्वीच सांगितले होते. उंचावरचा पाला खाण्यासाठी जिराफाने मान ताणली, म्हणून ती लांबली व ती लांबी पिलांत उतरली, असे त्याचे मत होते. वॉलेसला ते पटेना. १८५८ साली मोलुक्का बेटांत तापाने फणफणला असता त्याला निराळे उत्तर सुचले. जन्मतःच ज्यांची मान थोडी अधिक लांब, तेच जिराफ दुष्काळात तगतात, उरलेले मरतात. पिढ्यान्‌पिढ्या असे घडत गेले की जात पालटते.

हा विचार लिहून काढून त्याने तो डार्विनकडे धाडला. डार्विन थक्क झाला! सुमारे वीस वर्षे तो स्वतः याच विचारावर खपत होता. मात्र त्याने तो प्रसिद्ध केला नव्हता. अखेर मित्रांच्या सल्ल्याने १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन वाचण्यात आले.

दूर देशी असलेल्या वॉलेसला हे मागाहून कळले. पण त्याच्या मनाला मत्सर शिवला नाही. १८८९ साली या विषयावर लिहिलेल्या ग्रंथाला त्याने 'डार्विनिझम' हेच नाव दिले.

तथापि तो डार्विनचा अंध अनुयायी नव्हता. लांडोर सुंदर पिसाऱ्याचा मोर निवडते, म्हणून पिसारा वाढत गेला, हे डार्विनचे मत त्याने मानले नाही. मानवी बुद्धीचा उगम केवळ नैसर्गिक निवडीने उलगडत नाही, असेही तो म्हणे. पुढील संशोधनाने या दोन्ही वादांत डार्विनचे पारडे जड ठरविले. परंतु मतभेदांमुळे त्यांचा स्नेह तुटला नाही. गरजू वॉलेसला सरकारी निवृत्तिवेतन मिळावे म्हणून डार्विन झटला. आणि १८८२ साली डार्विनच्या शवपेटिकेला खांदा देणाऱ्यांत वॉलेस होता.

७ नोव्हेंबर १९१३ रोजी, नव्वदाव्या वर्षी, वॉलेसचे निधन झाले. सत्यासाठी वाद करावा, पण मन निर्मळ ठेवावे, हाच त्याच्या जीवनाचा बोध होय.